येथील कुशल जाणून : शिरवळच्या वाटेवरची पत्रे आणि सहली

जुन्या मराठी पत्राचा मायना ठरलेला असे. वडीलधाऱ्यांस साष्टांग नमस्कार, धाकट्यांस अनेक आशीर्वाद आणि त्यामागोमाग 'विनंती विशेष, येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे' हे वाक्य. पुढे मग कामाचा मजकूर सुरू होई : कर्जाचा हप्ता, मुलीची सोयरीक, वतनाचा तंटा, सरकारची स्वारी कोठवर आली याची खबर. पेशवेकाळातील अशी हजारो पत्रे दप्तरांतून जपली गेली आहेत. परंतु 'परवा आम्ही अमक्या डोंगरावर गेलो, वारा फार गार होता, तुझी आठवण झाली' असे सांगणारे पत्र त्यांत शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. मित्राला आपल्या अलीकडच्या दिवसांची, भटकंतीची आणि वाटेवरच्या फजितीची हकिकत कळवणे आज आपणांस अगदी साधी गोष्ट वाटते. या साध्या गोष्टीलाही इतिहास आहे. तिला सुरक्षित रस्ता लागतो, परवडणारे टपाल लागते, थोडी फुरसत लागते. आणि ज्याच्यापाशी ही फुरसत नसते, तो त्या हकिकतीत बहुधा ओझे वाहणारा म्हणूनच येतो. हा इतिहास एखाद्या वाटेच्या आधाराने पाहावा म्हटले, तर पुणे-सातारा रस्त्यावरील शिरवळ हे गाव त्यासाठी मोठे सोयीचे आहे.

पुण्याहून दक्षिणेस निघालेला प्रवासी कात्रजचा घाट ओलांडून, कापूरहोळ मागे टाकून नीरा नदीपाशी येतो. नदी ओलांडली की सातारा जिल्हा लागतो आणि पहिले मोठे गाव येते ते शिरवळ. हे अंतर सुमारे ५० किलोमीटर. आज मोटारीने तासा-दीड तासाचे, पूर्वी मात्र पायी दोन दिवसांचे. पुढे खंडाळा, मग खंबाटकीचा घाट, आणि घाट उतरल्यावर एक वाट साताऱ्याकडे तर दुसरी वाई, पसरणी, पाचगणी असे करीत महाबळेश्वराकडे जाते. नदीचा उतार आणि घाटाची चढण यांच्यामध्ये असलेले गाव आपोआपच मुक्कामाचे ठिकाण बनते. शिरवळ असे गाव फार पूर्वीपासून आहे. गावाच्या नैऋत्येस डोंगरकडेला बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली लेणी आहेत. चैत्य, स्तूप आणि राहण्याच्या साध्या खोल्या एवढाच त्यांचा पसारा. शिल्पांचा थाट तेथे नाही. फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय लेण्यांवरील ग्रंथात या समूहाची दखल घेतली आहे. व्यापारी वाटेच्या जवळ, भिक्षा मिळेल इतक्या अंतरावर आणि गोंगाट पोहोचणार नाही इतक्या उंचीवर पावसाळ्याचे चार महिने काढणारे ते भिक्षू या रस्त्याचे आपणांस ठाऊक असलेले सर्वांत जुने मुक्कामकरी होत.

त्यानंतर वाट सैन्याची झाली. नीरेकाठचा सुभानमंगळ हा शिरवळचा भुईकोट. १६४८ मध्ये विजापूरच्या फत्तेखानाने शिवाजीराजांवर चाल केली, तेव्हा त्याचा सरदार बाळाजी हैबतराव याने हा कोट घेतला आणि कावजी मल्हार यांच्या हाताखालील मावळ्यांनी तो लढून परत मिळवला. पाठोपाठ पुरंदरच्या परिसरात फत्तेखानाचा पराभव झाला. स्वराज्याच्या पहिल्या लढायांत शिरवळचे नाव येते ते असे. आज त्या कोटाचे थोडेसे अवशेष उरले आहेत. भिक्षू, व्यापारी, लमाण, शिपाई, यात्रेकरू, दुष्काळात परागंदा झालेली कुटुंबे असे नाना प्रकारचे लोक या गावातून गेले. त्यांपैकी कोणीही केवळ मौजेखातर निघालेला नव्हता. 'सैर' आणि 'सहल' हे अरबी-फारसीतून आलेले शब्द मराठीत होते. पण ती चैन राजेरजवाड्यांची, आणि तिच्या हकिकती मित्राला लिहून कळवण्याची रीत राजेरजवाड्यांतही नव्हती.

हे चित्र पालटले ते एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. साताऱ्याच्या गादीवर छत्रपती प्रतापसिंह महाराज होते, पण त्यांच्या राज्यावर इंग्रज रेसिडेंटची देखरेख होती. १८२४ मध्ये लॉडविक हा फौजी अधिकारी महाबळेश्वराच्या पठारावर चढून गेला आणि तेथील हवेचे त्याने कौतुक केले. १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने त्या जागी आजारी गोऱ्या शिपायांसाठी व अधिकाऱ्यांसाठी वसाहत करण्याचे ठरविले. १८२९ च्या तहाने महाराजांनी महाबळेश्वरची जमीन कंपनीस दिली आणि तिच्या मोबदल्यात त्यांना वाई प्रांतातील खंडाळा हे गाव मिळाले. हे खंडाळे बोरघाटातले नव्हे, तर शिरवळच्या पुढचे, आजच्या तालुक्याचे गाव. म्हणजे महाराष्ट्रातील पहिल्या मोठ्या थंड हवेच्या ठिकाणाची किंमत शिरवळच्या शेजारच्या गावाने चुकती झाली. महाराजांनी साताऱ्यापासून महाबळेश्वरपर्यंत आणि पुढे प्रतापगडाकडे रस्ताही बांधवून दिला. प्रजेच्या शिक्षणाची व रस्त्यांची काळजी वाहणारा हा राजा पुढे १८३९ मध्ये पदच्युत झाला आणि १८४७ मध्ये काशीस परक्या भूमीत वारला. त्याने बांधलेल्या वाटेवरून मात्र दर उन्हाळ्यास साहेबलोकांची रीघ चालूच राहिली.

मुंबईहून महाबळेश्वरी जाण्याचे दोन मार्ग होते. एक समुद्राने कोकणपट्टीत उतरून घाट चढण्याचा, आणि दुसरा पुणे-शिरवळ-वाई असा देशावरचा. या दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्यास आगाऊ 'डाक बसवावी' लागे. म्हणजे टप्प्याटप्प्यावर भोयांच्या जोड्या तयार ठेवाव्या लागत. पालखीला पाळीपाळीने खांदा देणारे भोई, पुढे चिंध्यांचा पलिता तेलात भिजवून धरणारा मशालजी आणि सामानाच्या पेट्या कावडीने वाहणारे बंगीवाले, असा हा मेळा ऊन टाळण्यासाठी बहुधा रात्री चाले. आत बसलेला प्रवासी निजलेला असे. खांदा बदलताना लागणारा हिसका आणि भोयांचा तालावरचा हुंकार यांनी त्याची झोप मोडे, एवढाच त्याला प्रवासाचा त्रास. गावाची शीव आली की वाट दाखवण्याचे काम पुढच्या गावच्या महारावर पडे. सरकारी माणूस असेल तर गाडी, बैल, गवत, लाकूडफाटा यांची तजवीज पाटलाने करायची. त्याचे दाम पुरते मिळत असेच असे नाही. ज्याला एक जण 'सहल' म्हणे, त्यालाच रस्त्याकडेचा दुसरा 'वेठ' म्हणे.

हा रस्ता निर्धोकही नव्हता. पुरंदरच्या पायथ्याशी असलेल्या भिवडीचा उमाजी नाईक याच मुलखात फिरत होता. पेशवाई गेल्यावर किल्ल्यांच्या राखणीची रामोशांची वंशपरंपरागत कामे व हक्क गेले, आणि त्यातून त्याचे बंड उभे राहिले. १८३१ च्या डिसेंबरात भोरजवळच्या उत्रोळी येथे तो पकडला गेला व १८३२ मध्ये पुण्यास त्याला फाशी झाली. त्याला पकडण्याच्या मोहिमेत असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशने १८३३ मध्ये रामोशांवर पुस्तक लिहिले. अशा रीतीने ज्या वर्षांत महाबळेश्वरचे बंगले उठत होते, त्याच वर्षांत या रस्त्याच्या दोन्ही अंगांचे डोंगर शिपायांकडून धुंडाळले जात होते. गोऱ्या प्रवाशाला पालखीत निर्धास्त झोप लागावी, यासाठी मोजलेली ही किंमत होती.

या नव्या प्रवाशांनी काय लिहिले? पुष्कळ लिहिले. पहाटेचे धुके, करवंदीच्या जाळ्या, ओळीने दिसणारे किल्ले, बंगल्यात शिरलेला विंचू, भिजलेले बिछाने, हरवलेली पेटी. आप्तेष्टांना पाठवलेल्या पत्रांतून आणि रोजनिश्यांतून हा मजकूर विलायतेस जाई व तेथे आवडीने वाचला जाई. लेडी फॉकलंड हे त्यातले ठळक नाव. इंग्लंडचा राजा चौथा विल्यम याची ही अनौरस कन्या. तिचा नवरा १८४८ ते १८५३ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता आणि त्या वर्षांत महाबळेश्वर हे तिचे उन्हाळी घर झाले. आपल्या रोजनिशीतील वेचे तिने १८५७ मध्ये 'चाऊ-चाऊ' या नावाने दोन भागांत छापले. फेरीवाल्याच्या टोपलीत जसा नाना परींचा किरकोळ माल असतो, तसे हे लिखाण, असा त्या नावाचा भाव. फुले, किडे, नोकरचाकर, बाजार, सण यांविषयी तिला खरे कुतूहल होते. तिने आपल्या डोंगरांकडे इतक्या आपुलकीने पाहावे, याचे आजही कौतुक वाटते.

पण या मौजेच्या मजकुराला मृत्यूची किनार होती. मारिया जेन ज्यूझबरी ही इंग्रज कवयित्री, कवी वर्ड्‌स्वर्थच्या स्नेहातली. १८३२ मध्ये कंपनीच्या एका धर्मोपदेशकाशी विवाह करून ती हिंदुस्थानास निघाली. सागरप्रवासातील अनुभवांवर तिने कविता केल्या आणि लंडनच्या एका साप्ताहिकात त्या छापून येत राहिल्या. १८३३ च्या मार्चात ती मुंबईस पोहोचली, आणि ऑक्टोबरात पुण्यास पटकीने वारली. या देशात तिला सात महिने लाभले. एमा रॉबर्ट्‌स ही दुसरी लेखिका. १८३९ मध्ये फ्रान्स व इजिप्तमार्गे ती मुंबईस आली. १८४० च्या एप्रिलात साताऱ्यास रेसिडेंट ओव्हन्स यांच्याकडे पाहुणी असताना ती आजारी पडली. तेथून तिला पुण्यास स्नेह्यांच्या घरी हलविण्यात आले आणि सप्टेंबरात तिचे निधन झाले. साताऱ्याहून पुण्याची सरळ वाट शिरवळवरून जाते. आदल्या वर्षी ज्या उत्साहाने तिने प्रवासाची टिपणे लिहिली, त्यांचे पुस्तक तिच्या मृत्यूनंतर १८४१ मध्ये निघाले. पुण्यात या दोघींच्या कबरी जवळजवळ आहेत असे तिच्या चरित्रकारांनी नोंदले आहे.

त्या काळचे टपाल ध्यानात घेतले म्हणजे या घटनांचे दुःख नीट उमगते. केपला वळसा घालून जाणाऱ्या जहाजाने पत्र विलायतेस पोहोचण्यास चार-सहा महिने लागत. सुएझच्या वाटेने आगबोटी सुरू झाल्यावरही महिना-दोन महिने जात. 'मी खुशाल आहे, डोंगर फार सुंदर आहेत' असे पत्र घरी वाचले जात असताना लिहिणारी व्यक्ती या जगात असेलच, याची खात्री वाचणाऱ्यास नसे. मायन्यातील 'कुशल' हा शब्द आज आपण सहज लिहून जातो. त्या लोकांना तो श्वास रोखून वाचावा लागे.

आपल्या साहित्यपरंपरेला हा अनुभव नवा नाही. 'ख्रिस्तपुराणा'चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स १५७९ च्या एप्रिलात लिस्बनहून निघाले आणि ऑक्टोबरात गोव्यास पोहोचले. त्यांनी मराठीत ओवी रचण्याच्या कितीतरी वर्षे आधी, १० नोव्हेंबर १५७९ रोजी, लंडनमधील आपल्या वडिलांना या प्रवासाची हकिकत लिहिली. हॅक्लुट या संपादकाने १५८९ मध्ये ती आपल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापली. मुलाने बापाला सांगावे तशा सरळपणाने त्यांनी त्यात शार्क मासे, जहाजाभोवती फिरणारे पक्षी, केपजवळची भयंकर लाट आणि दिशा हुकल्याने झालेली पंचाईत सांगितली आहे. पण एवढ्यावर ते थांबले नाहीत. जहाजावर दीडशेहून अधिक लोक आजारी पडले व त्यांतील सत्तावीस दगावले, हेही त्यांनी लिहिले. स्वतःच्या साहसाची गोष्ट सांगताना सोबत्यांचा हिशेब चुकवू नये, हा धडा या पत्रातून मिळतो. मराठीवर आपल्या मातृभाषेइतके प्रेम करणाऱ्या या येशूसंघीयाची लेखणी मुळात घरी खुशाली कळवतानाच उघडी झाली होती, ही गोष्ट आपण लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुन्हा नीरेकाठी येऊ. साहेबांच्या पालख्या शिरवळास नदी ओलांडत होत्या, त्याच सुमारास थोड्या पूर्वेकडे दुसरी एक पालखी नीरा ओलांडू लागली होती. सातारा जिल्ह्यातील आरफळचे हैबतबाबा हे पूर्वी शिंद्यांच्या पदरी सरदार होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी आळंदीहून ज्ञानेश्वर माउलींची पालखी शिस्तीने पंढरीस नेण्याची प्रथा घातली. नीरा गावाजवळ माउलींच्या पादुकांना नदीचे स्नान घालून हा सोहळा लोणंदास मुक्कामी येतो. लोणंद हे शिरवळच्याच तालुक्यातले गाव. या पालखीत चालणाऱ्यांना भोई नव्हते. प्रत्येक जण आपले गाठोडे आपल्या डोक्यावर घेई. पाऊस, चिखल, उघड्यावरचा मुक्काम, गाणे, नाचणे, सोबत्यांची थट्टा आणि गावोगावचे स्वागत असे सहलीचे सारे रंग त्यात होते. तरी त्या वारकऱ्यांपैकी कोणी घरी पत्र लिहिल्याचे आपल्या वाचनात येत नाही. बहुतेकांना अक्षरओळख नव्हती आणि ज्यांना लिहावे ते बहुधा बरोबरच चालत होते. एकाच नदीवरून, एकाच काळी, दोन प्रकारची माणसे डोंगरदऱ्यांतून हिंडत होती. त्यांपैकी एका प्रकारच्या माणसांचे शब्द पुस्तकांत उरले. दुसऱ्यांचे फक्त चालणे परंपरेत उरले.

सामान्य माणसाच्या हाती पत्र आले ते टपालामुळे. आणि त्या कथेतही साताऱ्याचा एक धागा आहे. १८३७ च्या टपाल कायद्यानुसार कलकत्त्याहून मुंबईस तोळाभर वजनाचे पत्र धाडायचे तर एक रुपया पडे. तेवढ्यात मजुराचे कित्येक दिवस भागत. १८४८ मध्ये साताऱ्याचे राजे शहाजी निवर्तले व राज्य खालसा झाले, तेव्हा तेथे रेसिडेंट म्हणून बार्टल फ्रेअर होता. पुढे तो साताऱ्याचा कमिशनर झाला. १८५० मध्ये त्याची सिंधमध्ये बदली झाली आणि तेथे १ जुलै १८५२ रोजी त्याने अर्ध्या आण्याची चिकटवायची तिकिटे सुरू केली. 'सिंध डाक' या नावाने ओळखली जाणारी ही तिकिटे आशियातील पहिली होत. दोन वर्षांनी, १८५४ मध्ये, साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अंतर कितीही असो, अर्धा आणा असा दर झाला. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि १८८० मध्ये मनिऑर्डर. शिरवळच्या किंवा वाईच्या शेतकऱ्याचा मुलगा मुंबईच्या गिरणीत लागला की त्याची खुशाली आता पाव आण्यात घरी येऊ लागली. पोस्टमन ती वाचूनही दाखवी आणि उत्तरही लिहून देई. त्या कार्डावर डोंगराच्या वर्णनाला जागा नव्हती. पण 'चौपाटी पाहिली', 'राणीच्या बागेत हत्ती पाहिला' अशी एखादी ओळ कोपऱ्यात मावण्याइतकी जागा मात्र झाली होती.

याच काळात मराठी माणूस आपला प्रवास सविस्तर लिहू लागला. १८८३ हे वर्ष या दृष्टीने अपूर्व म्हटले पाहिजे. कोकणातील वरसईचे वेदशास्त्रसंपन्न विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणा मिळवून कर्ज फेडावे म्हणून उत्तरेस गेले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. ती हकिकत त्यांनी १८८३ मध्ये लिहून काढली. 'माझा प्रवास' या नावाने ती १९०७ मध्ये छापली गेली. त्याच १८८३ च्या एप्रिलात पंडिता रमाबाई मुंबईहून इंग्लंडास निघाल्या आणि तेथून त्यांनी सदाशिव पांडुरंग केळकर या आपल्या स्नेह्यांस प्रवासाची हकिकत मराठीत लिहून पाठविली. 'इंग्लंडचा प्रवास' या नावाने ती त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. एक म्हातारा भिक्षुक, एक तरुण विधवा. दोघांपैकी कोणीही मौजेखातर घर सोडले नव्हते. तरी वाटेत जे दिसले ते आपल्या माणसांस सांगावे, ही ओढ दोघांच्याही लेखणीत आहे. मराठी पत्राचा मायना येथे ओलांडला गेला आणि कुशलापुढचा मजकूर खऱ्या अर्थाने सुरू झाला.

असा मजकूर समाजाला जागा करू शकतो, याचेही उदाहरण आहे. शिरवळच्या अलीकडे भोरचा फाटा फुटतो; त्या वाटेने वरंधा घाट उतरला की महाड आणि रायगड. मुंबईत राहणाऱ्या जेम्स डग्लस या हौशी भटक्याने सह्याद्रीतील किल्ले पाहिले व १८८३ मध्ये आपल्या पुस्तकात रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीच्या दुर्दशेची खंत व्यक्त केली. एका परक्याने फिरता फिरता पाहिलेली ही गोष्ट मराठी माणसांच्या मनाला झोंबली. पुढे सभा झाल्या, लेख आले, आणि १८९५ मध्ये लोकमान्य टिळकांनी समाधीच्या जीर्णोद्धाराचा प्रश्न हाती घेऊन निधी उभारला. भटकंतीची हकिकत ही निव्वळ वेळ घालवण्याची गोष्ट आहे, असे म्हणणाऱ्यास हे उत्तर पुरेसे व्हावे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिरवळच्या वाट्याला शांतता आली. १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याहून मिरजेकडे जाणारी रेल्वे नीरा, लोणंद, वाठार या मार्गाने गेली आणि महाबळेश्वरचे प्रवासी वाठारास उतरून टांग्याने जाऊ लागले. पाचगणीस शाळा निघाल्या. 'डॉटर्स ऑफ द क्रॉस' या धर्मभगिनींनी १८९५ मध्ये तेथे सेंट जोसेफ कॉन्व्हेंट सुरू केले. डोंगरावरच्या वसतिगृहांतून आईवडिलांना पत्रे लिहिणारी मुले ही या इतिहासातील नवी लेखक मंडळी. पुढे मोटारी आल्या, १९४८ नंतर एस. टी. आली, आणि शिरवळचा रस्ता पुन्हा गजबजला.

मधल्या काळात मात्र या मुलखातून एक फार मोठा प्रवास घडला. पहिल्या महायुद्धात साताऱ्याच्या खेड्यापाड्यांतून तरुण सैन्यात भरती झाले. मराठा पलटणी मेसोपोटेमियात गेल्या. त्यांतील काही कुत-अल-अमारा येथील वेढ्यात सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौज शरण गेली तेव्हा कैदेत पडल्या. फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी शिपायांना इंग्लंडच्या ब्रायटन येथील राजवाड्यात उघडलेल्या रुग्णालयात ठेवले होते. ज्यांनी कधी पुणेही पाहिले नव्हते, त्यांनी बर्फ पाहिले, समुद्र ओलांडले, परक्या देशातील शेती पाहिली. आणि ते त्यांनी घरी कळविले. कोणी स्वतः लिहून, बहुतेकांनी लिहिणाऱ्याकडून लिहवून. या पत्रांचे पुढे काय झाले, हे जाणण्यासारखे आहे. फ्रान्समधील हिंदी टपाल तपासण्यासाठी सरकारने अधिकारी नेमले होते. त्यांनी निवडक पत्रांचे इंग्रजी भाषांतर करून आपल्या अहवालांना जोडले. ते अहवाल लंडनमध्ये सुरक्षित राहिले. मूळ पत्रे ज्या घरांत पोहोचली, तेथे ती चुलीच्या धुरात, वाळवीत आणि पावसाच्या गळतीत संपली. आपल्या माणसांनी आपल्या माणसांस लिहिलेला मजकूर आज आपणांस परकीय तपासनिसाच्या भाषेतून वाचावा लागतो, ही या कथेतील सर्वांत बोचणारी बाब आहे.

या सर्व इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. या रस्त्यावरून असंख्य लोक गेले. परंतु रस्त्याची आठवण ज्यांनी लिहिले आणि ज्यांचे लिखाण कोणीतरी जपले, त्यांच्याच नजरेने आपल्यापर्यंत आली. लेडी फॉकलंडच्या काळी महाबळेश्वरच्या तुरुंगात चिनी कैदी होते. त्यांनी तेथे भाजीपाल्याचे मळे फुलवले आणि वेताच्या टोपल्या विणल्या. त्यांपैकी कोणी आपल्या घरी खुशाली कळवू शकला काय? शिरवळच्या उतारावर गुडघाभर पाण्यातून पालखी नेणाऱ्या भोयाने त्या रात्री घरी जाऊन काय सांगितले असेल? ते ऐकणाऱ्यांनी ऐकले, आणि त्यांच्यासोबतच ते गेले.

आता परिस्थिती निराळी आहे. लिहिता-वाचता न येणारे घर आता विरळा. शाळेची सहल, धर्मग्रामाची यात्रा, तरुणांची गडावरची पदयात्रा, वीर धरणाच्या जलाशयावर थंडीत उतरणारे पक्षी पाहण्यासाठी काढलेली पहाट, हे सारे आपल्या आटोक्यात आले आहे. खुशाली तर क्षणात पोहोचते. डोंगरमाथ्यावरून काढलेले छायाचित्र पाहणाऱ्यास आपण सुखरूप आहोत हे तत्काळ कळते, आणि हे वरदानच आहे. एमा रॉबर्ट्‌सच्या आप्तांनी यासाठी काय दिले नसते! परंतु त्या छायाचित्राखाली तारीख नसते, सोबत्यांची नावे नसतात, वाट कोणी दाखवली आणि पाणी कोणी दिले याचा उल्लेख नसतो. यंत्र बदलले की तेही नाहीसे होते. पोस्टकार्डाला निदान वाळवी लागायला काही वर्षे लागत.

म्हणून वाचकांना सुचवावेसे वाटते, की माळ्यावरच्या पेटीत वडीलधाऱ्यांची जुनी पत्रे असतील तर ती बाहेर काढून, नावनिशी टिपून, कोरड्या जागी ठेवावीत. एखाद्या काकाने सैन्यातून, एखाद्या आत्याने परिचारिकेच्या प्रशिक्षणातून किंवा एखाद्या मामाने आखाती देशातून धाडलेली चार पाने ही आपल्या समाजाच्या इतिहासाची साधने आहेत. आणि पुढच्या वेळी सहलीहून परतल्यावर दूरच्या स्नेह्यास एक लांब पत्र लिहावे. त्यात डोंगर असावा, फजिती असावी, हसणे असावे. ज्याच्या घरी ताक प्यायलो त्याचे नाव, गाडी हाकणाऱ्याचे नाव, ज्या मुलाने वाट दाखवली त्याच्या गावाचे नाव, हेही असावे. दीडशे वर्षे या वाटेवरून जी नावे लिहायची राहिली, त्यांची भरपाई आपल्या हातून होणार नाही. पण आपल्या सोबतच्या माणसांची नावे तरी आपण गाळू नयेत. शेवटी मायना जुनाच घालावा. येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे.